लाज वाटेल इतकं हळू

बाबा,

मी पळायला लागलेय. हसू नको. तू म्हणशील, त्यात नवीन काय, शाळेतनं पळायचीस, क्लासमधनं पळायचीस, आणि आई सांगते ते धरलं तर आता नोकऱ्यांमधनं पळतेस. ते पळणं नाही हे. सकाळी बूट घालून मैदानाला चकरा मारायच्या, कोणी मागे लागलेलं नाही, कुठे पोचायचं नाही, जिथनं निघालो तिथंच परत. तुझ्या वेळी माहुलमध्ये कोणी असं पळताना दिसलं असतं तर माणसांनी दारातनं बाहेर येऊन विचारलं असतं, काय झालं, कोण गेलं. आता सगळं जग पळतंय. मी घाटकोपरला एका बाईंकडे खोली घेऊन राहते, जवळच एक मैदान आहे, सकाळी तिथे जत्रा असते. म्हातारे टाळ्या वाजवत चालतात. एक काका झाडाला पाठ घासतात, अगदी म्हशीसारखी, आणि मग त्याच झाडाला हात जोडतात. कुत्री आहेत, त्यांना बिस्किटं घालणाऱ्या बायका आहेत, त्या बायकांशी भांडणारे लोक आहेत. सुरुवातीला मी नुसती हेच बघत बसायचे. पण तुला सांगायचं होतं ते हे नाही. सांगायचं होतं ते असं, की मला भीती वाटते. भीती वाटली की मी जोरात पळते, आणि जोरात पळायचीच मला मनाई आहे.

मनाई कशी झाली ते सांगते. शाळा सुटल्यावर मी कुठे टिकले नाही हे तुला कळलंच असेल, आई तुझ्या फोटोसमोर रोज काहीतरी पुटपुटत असतेच. साकीनाक्याला एका गाळ्यात खोकी भरली, अंधेरीला चपलांच्या दुकानात उभी राहिले, मुलुंडला स्कूटीवरनं जेवणाचे डबे पोचवले, मधेच एका मैत्रिणीच्या नादानं बोरिवलीला मेंदी शिकायला गेले, ती अर्धीच शिकले. एका हातावर चांगली येते, दुसऱ्यावर बिघडते. आता एका मॉलच्या दारात उभी राहून बायकांच्या पर्स तपासते. लोक पर्समधनं काय काय घेऊन फिरतात यावर एकदा वेगळं लिहायला पाहिजे, एकीच्या पर्समध्ये अख्खा सोललेला नारळ होता आणि दुसरं काहीही नव्हतं. तर या नोकरीला आधी डॉक्टरकडनं तपासून घ्यावं लागतं. डॉक्टरीणबाई भरभर विचारत होत्या, मी भरभर उत्तरं देत होते. चष्मा? नाही. ऑपरेशन? नाही. घरात कोणाला हार्टचं काही?

"वडील," मी बोलले.

"आहेत का?"

"गेले. मी शाळेत होते."

"वय काय होतं त्यांचं?"

"चौतीस."

त्या लिहायच्या थांबल्या. तेवढंच. बाकी खोलीत काही बदललं नाही, पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी आपला नंबर कधी येणार म्हणून कुरकुरत होतं. पण त्यांचं ते थांबणं मला अजून दिसतं. तोपर्यंत तू गेलास ही आपल्या घरातली गोष्ट होती. त्या क्षणी ती माझ्या अंगातली झाली.

मग रक्त घेतलं, छातीला वायरी लावल्या, पोटाला लावतात तसल्या मशीननं छाती बघितली, पट्ट्यावर चालवलं. काळीज ठीक आहे, रक्त ठीक नाही, असं निघालं. चरबी फार. "ही तुझ्या खाण्यानं आलेली नाही बेटा, घराण्यातनं आलीय," त्या बोलल्या. "वडापाव सोडलास तरी पूर्ण जाणार नाही. सोड मात्र." रोजची गोळी दिली, कायमची. आणि व्यायाम. आधी चालायचं, मग हळू पळायचं. मी विचारलं हळू म्हणजे किती हळू. त्या बोलल्या, "लाज वाटेल इतकं. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधे तुटलं की समज, जास्त झालं. छातीत, जबड्यात, हातात काही वाटलं तर थांबायचं आणि सरळ दवाखान्यात. घरी जाऊन झोपायचं नाही." मी मान हलवली. बाहेर येऊन पहिलं काम काय केलं, तर वडापाव खाल्ला. भीती वाटली की मला भूकही लागते, त्याला मी काय करू.

बाबा, हळू पळणं किती कठीण आहे ते तुला सांगून कळायचं नाही. चालणं सोपं, जोरात पळणं सोपं. मधलं जे आहे ना, ते अंगाला मान्यच होत नाही. पहिल्या चकरेला पाय बरे वागतात. मग शेजारनं कोणीतरी जातं, गुलाबी बुटांची कॉलेजातली एखादी पोर, केसांची शेपटी इकडनं तिकडे उडवत, आणि माझ्या पोटऱ्या आपोआप ताठ होतात. मी ठरवत नाही, त्याच ठरवतात. ती पुढे गेली की तिची पाठ बघायची आणि आपलं पाऊल आखूड ठेवायचं. असं वाटतं, सगळं मैदान बघतंय. बघत कोणीच नसतं, सगळे आपापल्या पोटाकडे बघत असतात, पण वाटतं. एकदा खरंच एक आजोबा काठी टेकत माझ्या पुढे गेले आणि जाताना बोलले, "कीप इट अप, बेटा." मी घरी येऊन किती वेळ भिंतीकडे बघत बसले.

आणि बोलायचं कोणाशी? वाक्य तुटतंय का हे कळायला वाक्य तर पाहिजे. सुरुवातीला पाढे म्हटले, ते सातापुढे येईनात. दुकानांच्या पाट्या आठवून म्हटल्या. मग एकदा सहज तुझ्याशी बोलले. कानात वायर घातली, म्हणजे लोकांना वाटतं फोनवर आहे, आणि सुरू केलं: बाबा, आज ऊन लवकर आलं. बाबा, मालकीणबाईंनी गिझर बंद केला. इतकं छान जमलं म्हणून सांगू. तुझ्याशी बोलताना पाय आपसूक हळू व्हायचे. आई जेवायला काय करते, माहुलला कोणाची खोली पाडली, कोणाच्या पोराचं लग्न ठरलं, सगळं सांगितलं तुला. तू गेल्यावर जे जे झालं ते क्रमानं सांगायचं ठरवलं होतं, पण माझा क्रम तुला माहीत आहे.

एक दिवस तो चिखलाचा किस्सा सांगितला. तुला आठवतं का, मी सात-आठ वर्षांची असेन, ओहोटीला तू मला खाडीत चिंबोऱ्या धरायला घेऊन गेलेलास. पलीकडे रिफायनरीच्या धुराड्यावर ज्योत जळतेय, वास येतोय, तू पुढे, मी तुझ्या पावलात पाऊल टाकत मागे. मग मला एक निवटी दिसते, चिखलावर उड्या मारणारी मासळी, आणि मी वाट सोडून तिच्या मागे जाते. चार पावलं गेले असेन. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. मी तो जोर लावून वर ओढते, तर डावा आत. मग मी किंचाळते. तू येतोस, पण हात देत नाहीस. थोडा लांबच उकिडवा बसतोस.

"बाबा, पाय निघत नाय."

"निघल. वढू नको."

"बुडतंय मी."

"गुडघ्यात कोन बुडतं? रडायचं तर रड. पन पाय वढू नको. टाच हलव. टाचेच्या बाजूनं हवा जाऊ दे आत, मंग चिखल आपनहून सोडतो."

मी रडत रडत टाच हलवते. तू मला कुठल्यातरी लग्नातली गंमत सांगतोस, नवऱ्याच्या मामाची पगडी बकरीनं खाल्ली ती. चिखल सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करतो आणि एक पाय सुटतो. मग दुसरा. तू मला उचलून घेतोस तेव्हा तुझ्या मागे पाणी दिसतं. भरती लागलेली, ज्या वाटेनं आपण आलो ती वाट नव्हतीच. तू एकदाही मागे वळून बघितलं नव्हतंस. मला वाटलेलं, तुला माहीतच नाही. किनाऱ्यावर आल्यावर तू बिडी पेटवायला गेलास आणि काडी विझली. दुसरी विझली. वारा नव्हता. हे तेव्हा नुसतं दिसलं होतं. कळलं ते मैदानावर, तुलाच सांगताना, आणि मी तिथंच उभी राहिले. तू घाबरलेलास. इतका घाबरलेलास आणि तरी बकरीची गोष्ट सांगत बसलास.

मैदानात चिखल नसतो, हाच त्रास आहे. चिखल तिथल्या तिथे दाखवून देतो, ओढलंस ना, जा आता खाली. मैदान काही बोलत नाही. मजेत पळू देतं. आणि मला आतनं रोज एक आवाज यायचा, तो कोणाला सांगितला नव्हता, तुलाही नाही. तो आवाज म्हणायचा, एकदा फुल्ल पळून बघ. एकदाच. जे आहे ते कळून जाऊ दे. फुटायचं असेल तर फुटेल, नाही फुटलं तर सुटलीस, परत घाबरायला नको. बघ ना, लोकांना वाटतं माणूस जोरात पळतो ते बारीक व्हायला, नाहीतर शर्यत जिंकायला. मला शर्यत नको होती. ही टांगलेली भीती मला सहन होत नव्हती. रोज सकाळी उठून छातीवर हात ठेवायचा, आज आहे, चला. असं किती दिवस जगणार कोणी? त्यापेक्षा एकदाच काय ते.

मैदानावर तिघी ऑफिसवाल्या येतात, एकसारखे टी-शर्ट घालून. त्यातली मोठी बँकेत आहे, पन्नाशीची, हरणासारखी पळते आणि तोंडाला लगाम नाही. माझी रोज खेचायची. "अगं, तू पळतेस की जागा धरून ठेवतेस?" मी हसायचे. मला त्या बँकवाल्या बाई आवडायच्या. त्या दिवशी त्या मागनं आल्या आणि बोलल्या, "चल गं, एक चक्कर आमच्याबरोबर. मेली नाहीस तर चहा माझ्याकडून."

मेली नाहीस तर. त्यांना काय माहीत.

मी कानातली वायर काढून खिशात टाकली आणि सुटले. बाबा, पहिलं अर्धं मैदान काय झकास गेलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं पायात उतरलं, वारा कानात, तिघी मागे पडल्या, त्यातली एक ओरडली, "अरे ही तर छुपी रुस्तम निघाली." मला थांबता आलं असतं. तिथेच. पण मला बघायचं होतं. मी आणखी जोर लावला, मग आणखी. गेटाजवळच्या वळणावर छाती आवळली. दुखलं असं नाही, कोणीतरी आतनं मूठ मिटली असं झालं, आणि डोळ्यांपुढे मैदान पांढरं पडलं. मी कठड्यावर बसले. बँकवाल्या बाई धावत आल्या, तोंड उतरलेलं. "काय झालं गं? ए, बोल ना. पाणी देऊ?"

आणि मी काय बोलले असेन? "काही नाही. गॅस झालाय."

माझ्या तोंडातनं तुझा आवाज आला. तसाच, मान थोडी वाकडी करून, हसून. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. छातीला नाही घाबरले, त्या वाक्याला घाबरले.

कारण तुला क्रमानं सगळं सांगताना एक दिवस मी दरवेळी टाळत होते. तो जवळ आला की माझा वेग वाढायचा, वाक्य तुटायचं आणि मग डॉक्टरांच्या नियमाप्रमाणे गप्प बसून चालावं लागायचं. सोय होती ती. आता सांगते. बसून लिहितेय, दम लागायचा प्रश्न नाही.

पावसाच्या आधी गल्लीतल्यांच्या होड्या पाण्यातनं वर ओढायचा तो दिवस. सगळे पुरुष एकाच दोराला. एक जण पुढे म्हणणार, बाकीचे मागे म्हणणार आणि त्या ठेक्यावर ओढणार. एकानं मधेच दोर सोडला तर होडी मागे घसरते आणि बाकीच्यांना ओढून नेते, म्हणून सोडायचा नाही, हा रिवाज पोरासोरांनाही माहीत. आणि दुसरा रिवाज, ज्याची होडी ओढायची राहिलीय त्यानं दुसऱ्याच्या होडीला हात आखडायचा नाही. त्या वर्षी आपली होडी शेवटची होती. मी बांधावर बसून बर्फाचा गोळा खात होते. ऊन असं होतं की सगळ्यांच्या पाठी चमकत होत्या. एक होडी वर आली आणि तू बाजूला होऊन छाती चोळलीस. कोणीतरी विचारलं, काय रे? तू बोललास, "काय नाय. गॅस झालाय." टपरीवर जाऊन सोडा प्यायलास, मला बघून ढेकर दिलास, मी हसले, आणि तू परत दोराला गेलास. मला तू दोर धरताना दिसतोस, हाताला थुंकी लावताना दिसतोस. मग पुढे म्हणणारा म्हणतो, मागचे म्हणतात, आणि ठेका चुकतो. बस. तू दोर सोडला नव्हतास. तो तुझ्या हातातनं काढावा लागला.

त्या सकाळी कठड्यावर बसून मला हे सगळं एका दमात दिसलं आणि मी बँकवाल्यांना बोलले, "गॅस नाही. मला दवाखान्यात न्या." त्यांनी लगेच रिक्षा थांबवली. रिक्षात बसवलं, रस्ताभर माझा हात धरून होत्या आणि स्वतःलाच शिव्या देत होत्या, माझी जीभ झडो म्हणत.

काही निघालं नाही. वायरी लावल्या, रक्त घेतलं, दुपारपर्यंत झोपवून ठेवलं, पुन्हा घेतलं. डॉक्टरीणबाई आल्या, कागद बघितले, आणि मग माझ्याकडे.

"बोलता येत होतं पळताना?"

"नाही."

"मग?"

"मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"फुटतं का."

त्यांनी कागद बाजूला ठेवले. मग स्टूल ओढून बसल्या. "ते बघायला माझ्याकडे मशीन आहे. ते काम माझं. तुझं काम गोळी घ्यायचं आणि म्हातारीसारखं पळायचं. आज काही झालं नाही याचा अर्थ तू पास झालीस असा काढू नकोस. यात पास कोणीच होत नाही, रोज थोडं थोडं सांभाळायचं असतं, बस." मला रडू आलं, कारण मला पासच व्हायचं होतं. शाळेत कधी वाटलं नाही इतकं.

आणि घरचं माणूस बोलवा म्हणाले. घरचं माणूस म्हणजे आई. गोळीचं मी तिला सांगितलेलंच नव्हतं. ती चेंबूरच्या बाजारात बसलेली, माशांची पाटी शेजारणीवर टाकून तशीच आली, हाताला खवले चिकटलेले. वॉर्डातल्या सगळ्यांना कळलं मासेवाली आली. मला वाटलं आता आरडाओरडा करणार. ती पलंगाच्या कडेला बसली, माझे पाय चादरीवरनं दाबायला लागली आणि खालच्या आवाजात बोलली, "त्याला पहाटेपासनंच दुखत व्हतं."

मी उठून बसले.

"चा बी घेतला नाय. मी बोलले, आज नको जाऊ, बस घरी. तर बोलला, आपली व्हडी शेवटची हाय. आज बसलो तर आपल्या टायमाला कोनाला तोंड दाखवू?" ती माझ्या पायाकडेच बघत होती. "मी एकदाच बोलले. परत नाय बोलले. बोलाय पायजे व्हतं."

इतकी वर्षं ती हे घेऊन बसलीय, बाबा. मला बांधावरचा तू माहीत होतास, सोडा पिणारा. पहाटेचा माहीत नव्हता. म्हणजे तुला कळत होतं. गॅस नाही हे तुला कळत होतं. मला इतका राग आला तुझा. दोर सोडला असतास तर काय झालं असतं? दोन होड्यांच्या मधे बसला असतास तर काय झालं असतं? लोक हसले असते. वर्षभर चिडवलं असतं, पुढच्या वर्षी विसरले असते. मी पण हसले असते, बापाला चिडवतात म्हणून घरी येऊन रडले असते, आणि तू असतास. ज्या माणसाला पोरीचा पाय चिखलात असताना हळू राहता आलं, त्याला स्वतःच्या छातीसाठी का नाही आलं? तुला भीती वाटत नव्हती, की लाज जास्त वाटत होती? मला आता दोन्ही वाटतात. पण लाज परवडते, असं मी ठरवलंय.

तेव्हापासून आई माझ्याबरोबर येते. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी लोक मासे खात नाहीत, तेव्हा ती मोकळी असते, म्हणून लोकांचे उपवासाचे वार ते माझे पळायचे वार. मधल्या दिवशी पाय वळवळतात, मन म्हणतं जाऊन ये पटकन, तिला कुठे कळतंय. नाही जात. डॉक्टर पण म्हणाल्या तेवढं पुरे. आई माहुलहून रिक्षानं येते, साडी वर खोचते, चपला हातात घेते आणि माझ्या बाजूनं चालते. ती चालते आणि मी पळते, आणि ती पुढे असते. आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन चाललेली बाई आहे, तिला हळू चालता येत नाही. बँकवाल्या आता काही खेचत नाहीत, नुसत्या आईला बोलल्या, "मावशी, तुमच्याकडे पापलेट मिळेल का हो?" आई बोलली, "आज शनवार हाय, देवाला तरी घाबरा." त्यांनी कान पकडले.

पण चकरा सुरू झाल्या की आई हसत नाही. ती माझ्या श्वासाकडे कान देऊन चालते. "बोल," ती म्हणते. मी बोलते. बाजारात काय झालं, मॉलमध्ये कोणाच्या पर्समध्ये काय निघालं. मी जरा थांबले की लगेच, "बोल, गप का झाली?" कधी मी उगाच गप्प होते, म्हणजे बोलायला काही नसतं म्हणून, झाडावर काही दिसलं म्हणून, आणि तिचा हात माझ्या कोपराला येतो. घट्ट. ओले खवले सोलायची ती बोटं, त्यांची पकड तुला माहीत आहे. तिच्या तोंडाकडे बघवत नाही तेव्हा. मग मी पटकन काहीही बोलते. परवा पाढे म्हटले. गुलाबी बुटांची ती पोर अजून येते, शेजारनं जाते, माझ्या पोटऱ्या अजून ताठ होतात. मी आईच्या पदराकडे बघते आणि पाऊल आखूड टाकते. आवाजही अजून येतो, एकदा फुल्ल पळून बघ. तो जायचा नाही. मी त्याला म्हणते, आई सोबत आहे, आज नको. रोज हेच म्हणते.

पुढच्या वर्षी मी चौतीसची होईन. त्याच्या पुढच्या वर्षी तुझ्यापेक्षा मोठी. मग तुला हाक कशी मारायची, कोण जाणे. तोपर्यंतचं मला माहीत नाही, मी उद्याचंही ठरवत नाही, सोमवार-गुरुवारचं ठरवते.

हे कुठे पाठवायचं नाहीच. आईला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी दाखवलं नसतं. एवढं का लिहीत बसले तेही सांगायला पाहिजे. आई यायला लागल्यापासून मी मैदानावर तुझ्याशी एकदाही बोलले नाही. आज दुपारी कपडे धुताना त्या दिवशीच्या, तेव्हापासून न घातलेल्या ट्रॅकपँटच्या खिशात ती कानातली वायर सापडली, आणि तेव्हा कळलं. मधे इतके दिवस गेले आणि मला तुझी आठवण झाली नव्हती, बाबा.